आईच्या रिपोर्टमधल्या प्रोटीनच्या आकड्यांवरून 'किती काळ' ते कळतं का?

इचलकरंजीचा_सचिन

नमस्कार मंडळी. इथं नुसतं वाचत असतो, लिहायची वेळ आज आली.

आई, वय ५८. बिडी-सिगारेट कधी नाही. मिश्री लावायची, तीही काही वर्षांपूर्वी सोडली. निम्मं आयुष्य चुलीपुढं गेलं. शुगर आहे, किडनीचं क्रिएटिनिन १.६ च्या आसपास असतंय. दिवाळीनंतर खोकला हटेना, जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून एक्स-रे काढला, तर उजव्या बाजूला पाणी. पाणी काढून तपासलं, मग सीटी झाली. फुफ्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. पाण्यातल्या पेशी मेणात बसवून, म्हणजे सेल ब्लॉक करून, डॉक्टरांनी ईजीएफआर आणि एएलकेच्या तपासण्या लावल्यात (ट्यूमरच्या जनुकांतले हे बदल निघाले तर त्यावर चालणाऱ्या गोळ्या असतात म्हणे), त्याचा रिपोर्ट यायचाय.

तोवर घरात कुणाला दम निघेना. पाहुण्यांच्या ओळखीच्या लॅबमधनं 'कॅन्सर मार्कर पॅनल' करून घेतलं. आकडे असे: सीईए ४८ (५ पर्यंत चालतं), सायफ्रा २१-१ ९.१ (३.३ पर्यंत), एनएसई ३१ (१६ पर्यंत), एलडीएच ४१०, अल्ब्युमिन ३.१, सीआरपी २२. शिवाय त्या सेल ब्लॉकवरच पीडी-एल१ केलं होतं, ते ६०% आलंय.

नेटवर बघितलं तर एनएसई म्हणजे स्मॉल सेल हा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार, आणि स्मॉल सेल म्हणजे लई झपाट्यानं. पीडी-एल१ ६०% म्हणजे साठ टक्के फुफ्फुस गेलं काय? चुलतभाऊ पुण्यात बायोटेक करतोय, त्यानं एका पेपरातल्या आलेखाचा फोटो पाठवलाय, तो इथं जोडतोय. पाच प्रोटीन तपासून पेशंट किती जगेल ते सांगता येतं म्हणे. 'हाय रिस्क'वाल्यांची रेघ सरळ खाली. लॅबवाले म्हणतात, ब्लॉक आणून द्या, पाचही करून देतो.

विचारण्याचं कारण सांगतो. धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात धरलंय. अलीकडं घ्यावं का? मोठी बहीण मस्कतला असते, तिनं रजा आत्ता टाकावी का नंतर? आईला विचारता येत नाही, डॉक्टर नीट काही बोलत नाहीत. आकडे तर समोर आहेत. कुणाला कळत असलं तर स्पष्ट सांगा, लपवू नका.

आप्पा_गडहिंग्लज

सचिनराव, धीर धरा. आमच्या मेव्हण्याला एका वैद्यांच्या काढ्यानं लई फरक पडलावता. पत्ता पाहिजे असंल तर कळवा.

मंदाताई_डोंबिवली

आप्पा, रागावू नका, पण काढा सध्या नको. या आजारातल्या बऱ्याच गोळ्यांचा निचरा लिव्हरमधून होतो. काढ्यात काय आहे ते ठाऊक नसताना दोन्ही एकत्र नकोत.

सचिन, मी डॉक्टर नाही. परळच्या एका हॉस्पिटलात हिस्टोपॅथॉलॉजीत इम्युनोच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली. प्रोटीन रंगवणं हेच काम. तेव्हा तेवढ्याबद्दल सांगते. औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आधी तो एनएसईचा आकडा बाजूला ठेवा. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत सॅम्पलबद्दल काही शेरा आहे का बघा, 'हिमोलाइज्ड' वगैरे. एनएसई हे रक्तातल्या लाल पेशींमध्ये आणि प्लेटलेटमध्येही असतं. शीर सापडली नाही म्हणून सुई आत फिरवली, रक्त जोरात ओढलं, नळी खळाखळा हलवली की लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं एनएसई सिरममध्ये उतरतं. सिरम वेगळं करायला उशीर झाला तरी तेच. नळी सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढली की वरचा थर फिकट पिवळा हवा. गुलाबी दिसला तर आमच्या बाजूच्या बायोकेमिस्ट्रीतली मुलगी ती नळी परत पाठवायची, आणि वॉर्डातून शिव्या खायची. एलडीएचचंही तेच, लाल पेशींत भरपूर असतं. तुमचे दोन्ही आकडे वर आहेत आणि दोन्ही एकाच नळीतले. गावातल्या कलेक्शन सेंटरवरून मुख्य लॅबपर्यंत ती नळी किती तास आणि कशी गेली, हे कोण सांगणार? शिवाय आजाराचा प्रकार ठरतो तो मायक्रोस्कोपखाली. तिथे ॲडेनो दिसलाय, तर एनएसई ३१ आलं म्हणून त्याचा स्मॉल सेल होत नाही.

सायफ्रा म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या एका प्रोटीनचे, सायटोकेराटिन १९ चे, तुकडे. ते बाहेर टाकण्याचं काम किडनीचं. क्रिएटिनिन १.६ असलेल्या बाईचं सायफ्रा थोडं चढलेलं असू शकतं. त्यातला आजाराचा वाटा किती आणि किडनीचा किती, हे त्या एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही. सीईए, म्हणजे ट्यूमरमधून रक्तात उतरणारं आणखी एक प्रोटीन, ४८ मात्र खरंच वाढलेलं आहे. त्याचा उपयोग पुढे होईल: उपचार सुरू झाले की दर काही आठवड्यांनी तेच, त्याच लॅबमध्ये करायचं. मशीन बदललं की आकडा बदलतो आणि घरात उगाच रडारड होते. सुरुवातीला कधीकधी औषध लागू पडत असतानाही सीईए थोडं उसळतं, म्हणून सीटीशिवाय नुसत्या त्या आकड्यावर निकाल लावू नका.

लपवू नका म्हणालात, म्हणून सांगते. या सगळ्या यादीत मला खटकणारी जोडी कुठली असेल तर अल्ब्युमिन ३.१ आणि सीआरपी २२. स्वस्तातल्या, कुठल्याही तालुक्याच्या गावी होणाऱ्या तपासण्या. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये यांचीच एक साधी मोजणी मांडली: सीआरपी १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, दोन्ही असलं तर दोन गुण. दोन गुणवाले सरासरीने कमी काळ जगले. तुमच्या आईंचे दोन गुण होतात. पण पाणी काढल्यावर तिथे इन्फेक्शन झालं असेल तरी सीआरपी वाढतं, आणि छातीतल्या पाण्यातून अल्ब्युमिनही जातं. डॉक्टरांना हे दोन आकडे दाखवा. आणि कुणी प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आलं तर किडनीवाल्यांना विचारल्याशिवाय उघडू नका. अंगात दाह (इन्फ्लमेशन) चालू असला की नुसतं खाऊन अल्ब्युमिन वर येत नाही.

आता पीडी-एल१. हे पेशीच्या कडेवरचं एक प्रोटीन. साठ टक्के फुफ्फुस वगैरे काही नाही. स्लाइडवर आम्ही त्या प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी घालतो. ते असेल तिथे पेशीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. किमान शंभर जिवंत ट्यूमर पेशी मिळाल्या पाहिजेत. त्यांतल्या किती पेशींच्या कडेला रेघ आहे, अर्धवट असली तरी धरायची, ती टक्केवारी. छातीच्या पाण्यात मॅक्रोफेज पेशींची गर्दी असते आणि त्याही तपकिरी होतात. त्या वगळून मोजता मोजता पॅथॉलॉजिस्टचे डोळे जातात. तेव्हा साठ म्हणजे दर शंभर ट्यूमर पेशींमागे साठ, आणि ते आलं त्याच्या दहा इकडे-तिकडेही असू शकतं. महत्त्वाचं एवढंच की ५० च्या वर आहे.

आणि वर असणं वाईट नाही! पीडी-एल१ ५०% किंवा जास्त असलेल्या ३०५ रुग्णांवर २०१६ मध्ये जाहीर झालेली पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनची चाचणी आहे. पाच वर्षांनी त्या औषधाने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ३२% हयात होते, केमोने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे १६%. पण थांबा, लगेच त्या इंजेक्शनची चौकशी करू नका. त्या चाचणीत ईजीएफआर आणि एएलकेवाले रुग्ण घेतलेच नव्हते. आणि तुमच्या आई, कधी सिगारेट न ओढलेली बाई, ॲडेनो: ईजीएफआर निघण्याची शक्यता बरीच. ईजीएफआर असेल तर पीडी-एल१ कितीही असो, ते इंजेक्शन सहसा एकटं चालत नाही. ईजीएफआर असलेल्या, पीडी-एल१ही असलेल्या रुग्णांना आधी पेम्ब्रोलिझुमॅब देऊन बघायची एक चाचणी अमेरिकेत ११ रुग्णांनंतर थांबवली. एकालाच गुण आला होता, आणि फेरतपासणीत त्याला ईजीएफआर नव्हतंच असं निघालं. वर उलटा धोका असा: आधी ते इंजेक्शन आणि मागोमाग ईजीएफआरवरची ओसिमर्टिनिबची गोळी, असं झालं तर फुफ्फुसाला सूज येण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून 'पीडी-एल१ ६०% आहे, लगेच सुरू करू' असं कुणी म्हणालं तर 'ईजीएफआर-एएलकेचा रिपोर्ट येऊ द्या' एवढं म्हणा.

राहिला तो पाच प्रोटीनांचा बेत. त्यासाठी ब्लॉक देऊ नका. यावर मी आवाज चढवून बोलतेय असं समजा.

सेल ब्लॉक म्हणजे मेणाच्या वडीत मोहरीएवढा गाळ. एक प्रोटीन रंगवायचं तर तीन-चार मायक्रॉनचा एक काप. तो ब्लॉक दर वेळी मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, नव्याने चढवला की पातं सरळ बसेपर्यंत पहिले काही काप वाया जातात. ट्यूमर त्या वायातच जातो. पाच प्रोटीनं, त्यांचे कंट्रोल, एखादं फसलं तर परत. मग ईजीएफआरवाले म्हणणार, 'मटेरियल अपुरं, पुन्हा सुई घाला.' असं होताना मी बघितलंय, एकदा नाही. किती जगेल याचा अंदाज घ्यायला औषध ठरवणारा ऐवज खर्च करायचा, हा कुठला हिशोब?

आणि त्या अंदाजाचा तरी भरवसा काय? ईआरसीसी१ म्हणून प्रोटीन आहे, डीएनएची डागडुजी करणारं. २००६ मध्ये मोठ्या जर्नलमध्ये आलं: ऑपरेशन झालेल्या ७६१ जणांच्या गाठी रंगवल्या. ज्यांत ईआरसीसी१ नाही त्यांना सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचा फायदा, ज्यांत आहे त्यांना नाही. आमच्याकडे त्या अँटिबॉडीची मागणी सुरू झाली, आम्ही मन लावून स्लाइडी केल्या. २०१३ मध्ये त्याच फ्रेंच गटाने त्याच जर्नलमध्ये लिहिलं की पुन्हा करून बघितलं तर निकाल जुळत नाही. मधल्या वर्षांत त्या अँटिबॉडीची वागणूकच बदललेली, बाटलीवर नाव तेच, ८एफ१. शिवाय या प्रोटीनची चार रूपं, त्यांतलं एकच कामाचं, आणि बाजारातल्या १६ अँटिबॉडी तपासल्या तर एकीलाही ते वेगळं ओळखता येईना. त्या लोकांनी स्वतःच तपासून छापलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. पण तुमच्या लॅबवाल्यांकडे त्या पाचांच्या बाटल्या कुठल्या बॅचच्या आहेत, हे विचारा एकदा.

आकडेमोड_औंध

मंदाताईंच्या पोस्टनंतर फार काही उरत नाही. माझा पेशा औषध-चाचण्यांच्या आकड्यांचा, म्हणून आलेखापुरतं लिहितो.

चुलतभावाने पाठवलेल्या फोटोत खाली लिहिलंय की हे ऑपरेशन झालेले रुग्ण आहेत. चौथ्या स्टेजला ऑपरेशन सहसा होत नाही. म्हणजे त्या गर्दीत तुमच्या आई नाहीतच. दुसरं, 'हाय' आणि 'लो'ची सीमा कुठे मारली? बरेचदा संगणकाला सांगतात, अशी जागा शोध की दोन रेघा सर्वांत लांब जातील. मग त्या लांब जातातच. दुसऱ्या हॉस्पिटलच्या रुग्णांवर तीच सीमा लावली की जवळ येतात. या उद्योगाला आळा बसावा म्हणून २००५ मध्ये 'रिमार्क' नावाची नियमावली निघाली, तरी असे पेपर थांबलेले नाहीत.

गंमत म्हणून सांगतो. रक्तातल्या प्रोटीनांचे आठ शिखर-आकडे मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजून 'गुड' किंवा 'पुअर' असा शिक्का देणारी व्हेरिस्ट्रॅट नावाची चाचणी आहे. थोतांड नाही, इटलीत नीट चाचणी होऊन २०१४ मध्ये निकाल आला. पण ती शिखरं कसली म्हणून खणून बघितलं तर बरीचशी सिरम अमायलॉइड ए निघाली. म्हणजे अंगात दाह असला की वाढणारं प्रोटीन, सीआरपीचंच भावंड. एवढं महागडं यंत्र लावून मंदाताईंच्या स्वस्त जोडीच्याच आळीत पोचलो.

आणि 'किती काळ'बद्दल. ईजीएफआर निघालं आणि ओसिमर्टिनिब मिळालं तर मोठ्या चाचणीतला मधला आकडा ३८.६ महिने होता. मधला म्हणजे अर्धे त्याच्या आधी गेले, अर्धे त्याच्या पुढे. तुमच्या आईंची मुदत म्हणून तो वाचू नका. ईजीएफआर, एएलके काहीच निघालं नाही तर गणित पूर्ण वेगळं. म्हणजे आज तुमच्या हातात जे सहा-सात आकडे आहेत, त्या सगळ्यांपेक्षा न आलेला एक रिपोर्ट जास्त बोलणार आहे.

इचलकरंजीचा_सचिन

ताई, तळाला खरंच लिहिलंय, 'सॅम्पल किंचित हिमोलाइज्ड'. कुणी वाचलंच नव्हतं. काल आईचा हात बघितला, रक्त घेतलेल्या जागी अजून काळंनिळं आहे. आई म्हणाली, त्या पोरानं तीनदा टोचलं.

लॅबवाल्याला ब्लॉक देणार नाही म्हणून सांगितलं. तो म्हणतोय नुकसान तुमचंच. असू दे. चुलतभावालाही इथली लिंक पाठवली, तो गप्प आहे.

पण लग्नाचं काय करू? आणि ईजीएफआर निघालं तरी ती गोळी आम्हाला झेपंल का? मागावर महिन्याला काय सुटतंय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पम्या_ठाणे

सचिन, माझी बायको एएलके पॉझिटिव्ह. तिलाही चौथी स्टेज, तिलाही पाणी. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तोंड एवढंसं केलेलं, रिपोर्ट आल्यावर खुर्ची पुढे ओढून बोलायला लागले. एएलकेवरच्या अॅलेक्टिनिब गोळीच्या चाचणीत पाच वर्षांनी ६२% च्या वर लोक हयात होते, हे त्यांनीच सांगितलं. मार्कर आम्ही केलेच नाहीत कधी, डॉक्टर म्हणाले तुमच्यासाठी सीटी पुरे. गोळ्यांसाठी कंपन्यांच्या मदत योजना असतात, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात मेडिकल सोशल वर्करला भेटा. ऑन्कोलॉजिस्टच्या ओपीडीत हे कुणी आपणहून सांगत नाही. कागदपत्रं आधी गोळा करा: रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार.

लग्न मी असतो तर वैशाखातच ठेवलं असतं. घाईत उरकलं की आईला लगेच कळतं का ते.

मंदाताई_डोंबिवली

पम्या बरोबर बोलला.

सचिन, पैशांचं: ओसिमर्टिनिब हाच एक रस्ता नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्येच ३५० रुग्णांवर चाचणी झाली. ईजीएफआरवरचीच जुनी, स्वस्तात मिळणारी जेफिटिनिबची गोळी एकटी, की तिच्या जोडीला पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची केमो? २०२० मध्ये छापून आलं: आजार आटोक्यात राहण्याचा मधला काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. त्रास वाढतो, हेही आलंच. पेमेट्रेक्सेडला किडनी बरी लागते, म्हणून क्रिएटिनिनची फाइल घेऊन जा आणि 'आमच्या आईंना हे बसेल का' असं सरळ विचारा. डॉक्टर नीट बोलत नाहीत म्हणता ना? 'किती दिवस' विचारलं की कुठलाही डॉक्टर टेबलाकडे बघतो. 'रिपोर्ट असा आला तर काय, तसा आला तर काय' असं विचारा, बोलेल.

लग्नाचं मी ठरवणार नाही, पण आकड्यांवरून मुहूर्त काढू नका. उपचार सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी पहिली सीटी होते. माघात सुरू झालं तर ती वैशाखाच्या आधी हातात येईल. मस्कतच्या ताईंना सांगा, थोडी रजा आत्ता टाका, थोडी राखून ठेवा. आणि आईंना काय विचारता येत नाही म्हणे? मुहूर्ताचं तरी विचारा. बाई आहे, लग्न घरातलं आहे, तिला मत असणार.

आता कामाचं. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत फोन करून एवढंच विचारा: सेल ब्लॉकमध्ये ईजीएफआर आणि एएलके दोन्हींना पुरेल एवढा ट्यूमर आहे का? नसेल तर आत्ताच कळू द्या. तशा वेळी रक्तातून ईजीएफआर बघता येतं. रक्तात सापडलं तर खरं धरतात, नाही सापडलं तर मात्र 'नाही' असं धरत नाहीत, पुन्हा पाणी किंवा सुई लागते. एएलके बहुतेक ठिकाणी आम्ही डी५एफ३ या अँटिबॉडीने स्लाइडवरच करतो, त्याला एकच काप पुरतो आणि निकालही लवकर येतो. तोही प्रोटीनच बघतो बरं का, पण औषध ठरवणारा. त्याचा रिपोर्ट आधी आला का, तेही विचारून घ्या.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला किंवा पुण्याला यायचं ठरलं तर ब्लॉक आणि स्लाइडी दोन्ही सही करून ताब्यात घ्या. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच काउंटरवर जुळवा. आणि ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते, बंद गाडीत उन्हाने मऊ पडतं. डब्यात घालून बॅगेत, आईंच्या औषधांबरोबर.